कोडंबाक्कमच्या वाणी जयराम

वाणी जयराम यांचं नाव निघालं की महाराष्ट्रात एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते. ‘गुड्डी’मधल्या ‘बोले रे पपीहरा’ने देश जिंकलेली एक विलक्षण गायिका मुंबईच्या गटबाजीने टिकू दिली नाही, वसंत देसाई गेल्यावर तिला वाली उरला नाही आणि ती बिचारी मद्रासला निघून गेली. या गोष्टीत नायिका आहे, खलनायक आहे, अन्याय आहे आणि ‘कुठल्या कुठे गेली असती’ हा हळहळीचा सूरही आहे. फक्त एक उणीव आहे. जिला ही गोष्ट वनवास म्हणते, त्या वनवासात या बाईंनी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार तीन वेळा मिळवला आणि चार दक्षिणी भाषांतल्या श्रोत्यांच्या दोन पिढ्यांना आपल्या आवाजाची सवय लावली. मुंबई हे चित्रपटसंगीताचं केंद्र आणि बाकी सगळा परीघ, असं मनाशी धरल्याशिवाय अशा कारकिर्दीला पराभव म्हणता येत नाही. माझं म्हणणं आणखी थोडं पुढचं आहे. त्यांचं बहुभाषिक असणं हा प्रतिभेवर चढवलेला दागिना नव्हता. तो त्यांच्या कारकिर्दीचा पायाच होता. ज्या प्रकारचं गाणं त्या गात होत्या, त्यावर कुठल्याही एका भाषेत पोट भरणं अवघड होतं. चार भाषांचे चित्रपट एकाच शहरात तयार होत होते, म्हणून त्या गाण्याला जगता आलं.

त्यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1945चा, वेल्लोरच्या तमिळ कुटुंबातला. नाव कलैवाणी. कर्नाटक संगीताची तालीम लहानपणापासून, आणि जोडीला रेडिओ सिलोनवरच्या हिंदी गाण्यांचं वेड. पुढे स्टेट बँकेतली नोकरी, लग्न आणि मुंबई. इथे पटियाळा घराण्याच्या उस्ताद अब्दुल रहमान खाँ यांच्याकडे हिंदुस्थानी गायकी शिकायला लागल्यावर त्यांनी बँक सोडली. या क्रमाकडे नीट पाहायला हवं. मुंबईत संधी शोधायला आलेल्या कोवळ्या मुलीची ही वाट नव्हे. एक पक्की पद्धत अंगात मुरलेली बाई दुसरी पद्धत मुळापासून शिकत होती. गमकांच्या कर्नाटक वळणावर वाढलेल्या गळ्याने ख्याल-ठुमरीची मींड आणि संथ आलाप आपलासा करायचा, म्हणजे सवयीची बरीच मोडतोड आली. पुढे त्या ज्या सहजपणे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेल्या, त्याचं पहिलं शिक्षण मला इथे दिसतं. भाषेआधी त्यांनी संगीताची बोली बदलून पाहिली होती.

त्यांना पहिला मोठा हात दिला वसंत देसाईंनी. ही निवड अपघाताने झालेली नव्हती. प्रभात आणि राजकमलच्या मुशीतून आलेल्या या कोकणी माणसाला शास्त्रोक्त बैठक असलेल्या आवाजाची ओढ होती आणि दक्षिणेचा गळा त्यांना परका नव्हता. 1966 साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात गायलेल्या ‘मैत्रीम् भजत’ची चाल देसाईंचीच. वाणी जयराम पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाल्या त्या मराठीत. बाळ कोल्हटकरांच्या ‘देव दीनाघरी धावला’ नाटकातलं ‘ऋणानुबंधाच्या’, सोबत कुमार गंधर्व. मराठी माणसाला हे गाणं इतकं आपलं वाटतं की ते गाणाऱ्या दोघांची मातृभाषा मराठी नव्हती, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. कुमारजी बेळगावजवळच्या सुळेभावीचे कोमकली, घरची भाषा कन्नड. वाणीबाई वेल्लोरच्या. बहुभाषिक गायनाचा पहिला धडा त्यांनी दक्षिणेत नव्हे तर आपल्याकडे गिरवला आणि तोही असा की ऐकणाऱ्याला शंका येऊ नये.

मग 1971मध्ये हृषीकेश मुखर्जींचा ‘गुड्डी’ आला. गुलजारांचे शब्द, देसाईंच्या चाली. मियाँ की मल्हारच्या अंगाने जाणारं ते पावसाचं गाणं आणि एक शाळेतली प्रार्थना. ही प्रार्थना चित्रपटातून निघून देशभरच्या शाळांच्या प्रांगणात गेली, ती अजून तिथेच आहे. एवढ्या यशानंतर हिंदीत कामाची रीघ लागायला हवी होती, ती लागली नाही. का लागली नाही, याचं ‘मक्तेदारी’ हे उत्तर तयारच असतं, आणि ते खोटंही नाही. त्या काळी हिंदीतली स्त्री-गीतं प्रामुख्याने दोन मंगेशकर बहिणींकडे जात होती. पण मक्तेदारीतही फटी असतात आणि त्या कशा भरल्या गेल्या, हे पाहण्यासारखं आहे. साठच्या दशकात रॉयल्टीच्या वादावरून लता मंगेशकर आणि महंमद रफी काही वर्षं एकत्र गात नव्हते. त्या फटीतून सुमन कल्याणपूर यांना रफींबरोबरची कितीतरी द्वंद्वगीतं मिळाली, कारण त्यांचा आवाज त्याच जातकुळीचा होता. वाणी जयराम यांचा आवाज कोणाच्याच जागी बसण्यासारखा नव्हता. तो टोकदार, स्वच्छ, वरच्या पट्टीत न डळमळणारा होता आणि त्यात कमावलेल्या गाण्याची ताठ शिस्त ऐकू येत असे. म्हणून संगीतकारांना तो आठवे तो ठरावीक प्रसंगीच. ‘पाकीजा’त ठुमरीचा तुकडा हवा होता तेव्हा नौशादांना त्या आठवल्या. भजन, प्रार्थना, मैफलीतलं गाणं, रागाची परीक्षा पाहणारी चाल आली की वाणी जयराम. असे प्रसंग हिंदीत वर्षाला येऊन येऊन किती येणार? मक्तेदारी उद्या नाहीशी झाली असती, तरी या खात्यावर हिंदीत वर्षभराचं काम निघालं नसतं. देसाई 22 डिसेंबर 1975ला लिफ्टच्या अपघातात गेले, हे दुर्दैवच. पण तोवर वाणीबाईंच्या कामाचा ओघ मद्रासकडे वळलेला होता. देसाईंच्या जाण्याने दार बंद झालं, हे कालक्रमातच बसत नाही.

आता त्या वेळचं मद्रास कसं होतं, ते पाहायला हवं. कोडंबाक्कम आणि त्याला लागून असलेलं वडपळनी या भागात एव्हीएम, विजया-वाहिनी, प्रसाद असे स्टुडिओ आणि त्यांच्याभोवती ध्वनिमुद्रणाची थिएटरं दाटीवाटीने उभी होती. सत्तरीत तमिळबरोबरच तेलुगू, मल्याळम आणि कन्नड चित्रपटांचंही बरंचसं काम, विशेषतः गाण्यांचं ध्वनिमुद्रण, इथेच होत असे. एकच वादकसंच, त्याच ध्वनिमुद्रकांची फळी, तेच गायक. सकाळच्या कॉलशीटला एक भाषा आणि दुपारच्या कॉलशीटला दुसरी, हे या गल्लीत कोणाला नवल वाटण्यासारखं नव्हतं. शिवाय कन्नडमध्ये साठच्या दशकात डबिंगविरोधी चळवळ झाली होती. दुसऱ्या भाषेतला चित्रपट नुसते संवाद बदलून चालवायला तिथे वाव नव्हता. तो नव्याने करावा लागे, गाणीही नव्याने बांधावी लागत. त्यामुळे गाणाऱ्यांना काम वाढलं. आणि हे सगळं गाणं तेव्हा थेट, पूर्ण वाद्यवृंदासमोर मुद्रित होत असे. कोणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. जो गायक भराभर शिकतो आणि चुकत नाही, तो निर्मात्याचे पैसे वाचवतो, हा अगदी रोकडा हिशेब होता. वाणी जयराम यांची तालीम आणि त्यांची चाल झटकन उचलण्याची हातोटी इथे नुसत्या कौतुकाची बाब नव्हती, तिला बाजारभाव होता.

या गल्लीत बहुभाषिक असणं हा अपवाद नव्हता, तो रिवाज होता. तमिळ चित्रपटाची तीन दशकं ज्या दोन आवाजांवर उभी राहिली, त्या पी. सुशीला आणि एस. जानकी या दोघी तेलुगू. कन्नड नायक राजकुमार यांचा पडद्यावरचा गाता आवाज म्हणून कन्नड माणूस ज्यांना ओळखतो ते पी. बी. श्रीनिवास काकिनाड्याचे तेलुगू. एम. जी. आर. आणि शिवाजी गणेशन या दोघांसाठीही गायलेले टी. एम. सौंदरराजन मदुराईच्या सौराष्ट्री समाजातले. तमिळ चित्रपटसंगीताचे अनभिषिक्त राजे एम. एस. विश्वनाथन पालक्काडचे मल्याळी. तेलुगूंना आपल्या मातीचं वाटणारं ‘शंकराभरणम्’ चित्रपटाचं संगीत रचणारे के. व्ही. महादेवन नागरकोईलकडचे. या मंडळींत वाणी जयराम आल्या तेव्हा गंमत अशी झाली की तमिळ गाण्यात तमिळ मातृभाषेची गायिका ही जवळजवळ नवलाईची गोष्ट ठरली. मुंबईत त्या परक्या होत्या म्हणून मागे पडल्या, असं आपण म्हणतो. मद्रासमध्ये सगळेच थोडेफार परके होते, त्यामुळे परकेपणाला तिथे किंमतच उरली नव्हती.

1973 हे वर्ष या दृष्टीने तपासण्यासारखं आहे. त्या एकाच वर्षी वाणी जयराम तमिळमध्ये आल्या, ‘अभिमानवंतुलु’मधून एस. पी. कोदंडपाणी यांच्या चालीवर तेलुगूत आल्या, ‘स्वप्नम्’मधून मल्याळममध्ये आल्या आणि कन्नडमध्येही गायल्या. चार दारं एका वर्षात उघडली. मल्याळमचं दार उघडणारा संगीतकार तर बंगाली होता, सलील चौधरी. ‘चेम्मीन’मध्ये मन्ना डे यांच्याकडून गाऊन घेण्याची हिंमत त्यांनी 1965 सालीच दाखवली होती. पुढच्या वर्षी, 1974मध्ये, ‘दीर्घ सुमंगली’तलं मोगऱ्यावरचं एक गाणं विश्वनाथन यांनी त्यांना दिलं. या गाण्याबद्दल दोन शब्द जास्त लिहावे लागतील, कारण ‘अवघड चालींची गायिका’ या शिक्क्याला छेद देणारा हा पुरावा आहे. इथे राग-परीक्षा नाही, दरबार नाही, देव्हारा नाही. केसांत गजरा माळून नवऱ्याची वाट पाहणारी साधी गृहिणी आहे, तिची थोडी लाडिक, थोडी आत्मविश्वासाची भाषा आहे. वाणीबाईंनी ती शिस्तीचा ताठा बाजूला ठेवून, हलक्या झोकात गायली आहे. या एका गाण्याने त्या तमिळ घराघरांत पोहोचल्या, आणि मुंबईत पडलेली प्रार्थना-भजनाची चौकट मद्रासने निदान काही काळ तरी मोडून दिली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. न कळणाऱ्या भाषेत गाणं म्हणजे पोपटपंची नव्हे का? उच्चार घोकता येतील, पण शब्दांच्या मागचा भाव कुठून आणणार? माझ्या मते हा आक्षेप गाणं आणि कविता यांत गल्लत करतो. पार्श्वगायनात अर्थ गायकाच्या मनातून थेट श्रोत्याकडे जात नाही. तो आधी चालीत उतरलेला असतो. कुठे थांबायचं, कुठला स्वर दाबायचा, कुठल्या अक्षरावर श्वास सोडायचा, हे ठरवताना संगीतकाराने आणि गीतकाराने अर्थाचं निम्मं काम केलेलं असतं. गायकाला जे आणावं लागतं ते उच्चाराचं शरीर. आणि ते फुकट मिळत नाही. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर आहे. त्या भाषेत वाढलेल्या माणसाला हिंदीतले महाप्राण नेमके उमटवण्यासाठी जीभ वेगळी घडवावी लागते. उलट तमिळ-मल्याळममधला तो जीभ मागे वळवून काढायचा खास ध्वनी उत्तरेकडच्या भल्याभल्यांना साधत नाही. लता मंगेशकरांनी 1974च्या ‘नेल्लु’मध्ये आणि आशा भोसले यांनी 1977च्या ‘सुजाता’मध्ये मल्याळम गाणी गायली. दोन्ही सुरेल आहेत, पण मल्याळी कानाला त्यांत पाहुण्यांची चाहूल लागते. वाणी जयराम यांच्या मल्याळम गाण्यांवर असा पाहुणेपणाचा शिक्का बसला नाही. पुढच्या काळातही मल्याळी संगीतकार त्यांच्याकडे वळत राहिले. 2014च्या ‘1983’ या चित्रपटात गोपी सुंदर यांनी त्यांना पी. जयचंद्रन यांच्याबरोबर गायला बोलावलं तेव्हा त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या, आणि ते गाणं त्या वर्षीच्या लोकप्रिय गाण्यांपैकी एक ठरलं.

याच ठिकाणी दुसरा आक्षेप आपोआप उभा राहतो. लता-आशा यांनीही ढीगभर भाषांत गायलं, मग वाणीबाईंचं वेगळं काय? फरक प्रवासाच्या दिशेत आणि प्रमाणात आहे. मुंबईलाही बहुभाषिक माणसं आली. मराठी, बंगाली, पंजाबी, गुजराती सगळी आली, पण येऊन ती एकाच भाषेत गायली. दिलीपकुमारांच्या एका टोमण्यानंतर लताबाईंनी शिक्षक ठेवून उर्दू गिरवली, ती हिंदी-उर्दूसाठी. मुंबई अनेक भाषांना आत घेत होती आणि बाहेर एकच भाषा काढत होती. मुंबईच्या गायकाने दक्षिणेत गायलेलं गाणं हा सन्मानाचा पाहुणचार असे, वर्षा-दोन वर्षांत एखादा. दक्षिणेचा गायक मुंबईत आला तर त्याला उच्चारांची परीक्षा द्यावी लागे. ‘एक दूजे के लिये’च्या वेळी एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या हिंदीबद्दल लक्ष्मीकांत-प्यारेलाल साशंक होते. नायकच तमिळ आहे, त्याची हिंदी तशीच असणार, असं दिग्दर्शक के. बालचंदर यांनी धरून ठेवलं तेव्हा कुठे ते जमलं, आणि 1981चा राष्ट्रीय पुरस्कार त्याच हिंदीला मिळाला. मद्रासची व्यवस्था वेगळी होती. तिथे एका गायकाकडून चारही भाषांत रोजचं काम अपेक्षित होतं. वाणीबाईंचा रोजगारच चार भाषांवर होता.

हेच बालचंदर सहा वर्षं आधी वाणी जयराम यांच्या गोष्टीत येऊन गेले होते. 1975चा ‘अपूर्व रागंगल’. त्यात श्रीविद्याने रंगवलेली भैरवी ही कर्नाटक गायिका आहे. गाणं तिचा पेशा आहे आणि तिच्या आयुष्याचा गुंताही त्यातूनच उलगडतो. कण्णदासन यांचे शब्द, विश्वनाथन यांच्या चाली आणि वाणी जयराम यांचा आवाज. त्या गाण्यांना त्यांचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार. दुसरा 1979चा, के. विश्वनाथ यांच्या ‘शंकराभरणम्’साठी. हा तेलुगू चित्रपट कर्नाटक संगीताच्या ओसरत्या वैभवावर आहे, आणि त्यातल्या रचनांत त्यागराजांच्या परंपरेची तेलुगू आहे तशी सदाशिव ब्रह्मेंद्रांची संस्कृतही आहे. मोठा नट नाही, मारामारी नाही, तरी तो धो-धो चालला आणि मूळ तेलुगूतच शेजारच्या राज्यांतही चालला. इथे माझ्याच मांडणीवर एक प्रश्न येतो. मद्रासने चौकट मोडली असं म्हणता, पण पुरस्कार मिळाले ते पुन्हा शास्त्रोक्त गाण्यालाच ना? ‘गुड्डी’ काय आणि ‘शंकराभरणम्’ काय, कप्पा तोच. प्रश्न बरोबर आहे. मद्रासनेही त्यांना बऱ्याच अंशी त्याच कप्प्यात ठेवलं. पण हिंदीत तो कप्पा एक होता. दक्षिणेत तो चार भाषांत चार वेळा होता, आणि तिथल्या प्रेक्षकाला गायिका-नायिका, मैफल, गुरू-शिष्य हे विषय हिंदी प्रेक्षकापेक्षा अधिक रुचत होते. मुंबईत वर्षाला दोन-चार गाणी देणारा कोपरा मद्रासमध्ये चार गुणिले चार होऊन पूर्ण वेळेचा धंदा झाला. माझ्या मूळ मुद्द्याला या आक्षेपाने धक्का लागत नाही, उलट आधार मिळतो.

हिंदीने त्यांना पूर्णपणे टाकलं, हेही खरं नाही. 1979मध्ये गुलजारांनी ‘मीरा’ केला. लताबाईंनी धाकटे बंधू हृदयनाथ यांच्या चालींवर मीरेची भजनं आधीच गायली होती, म्हणून त्यांनी या चित्रपटाला नकार दिला. संगीत अखेर पंडित रविशंकर यांच्याकडे आलं आणि पडद्यावरच्या हेमामालिनीसाठी वाणी जयराम गायल्या. वाणीबाईंचे पती जयराम हे रविशंकर यांच्याकडे सतार शिकलेले, तेव्हा ओळख कामाला आली असं कोणी म्हणेल. आली असेलही, पण ओळखीने ध्वनिमुद्रणाची खोली मिळते, स्वर मिळत नाहीत. चित्रपट चालला नाही. वाणीबाईंना फिल्मफेअर पुरस्कार मात्र मिळाला. त्या वेळी त्या मद्रासच्या रहिवासी होत्या आणि तमिळमध्ये ‘रोसाप्पू रविक्कैकारी’सारख्या चित्रपटात इलैयाराजांच्या चालीवर खेड्यातल्या कथेसाठी गात होत्या. राजस्थानची राणी आणि तमिळ गावाकडची बाई एकाच गळ्यातून एकाच वर्षात येत होत्या. हिंदीच्या इतिहासात यापैकी पहिलीचीच नोंद होते.

दक्षिणेतही सगळं गोडगोड नव्हतं. तिथे त्या पहिल्या क्रमांकावर कधीच नव्हत्या. सुशीला आणि जानकी यांचं बस्तान आधीच बसलेलं होतं. 1976च्या ‘अन्नक्किळी’पासून इलैयाराजांचं युग सुरू झालं आणि त्यांच्या चालींत जानकींचा आवाज सर्वांत जास्त रमला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर के. एस. चित्रा आल्यावर तर स्पर्धा आणखी अवघड झाली. तिथल्या कलावंतांना दिल्लीचा मानही उशिरा मिळे. एस. जानकी यांनी 2013 साली पद्मभूषण नाकारलं ते याच तक्रारीवर. आपल्याकडे मात्र थोरवी मोजायला आकडे लागतात. दहा हजार गाणी, एकोणीस भाषा, असं वाणी जयराम यांच्याबद्दल सत्कार-समारंभांत सांगितलं जात असे. हा छंद कुठे जातो ते कोणाची गाणी जास्त यावरच्या लताबाईंच्या आणि रफींच्या गिनेस बुकच्या वादात दिसलंच आहे. पुढे आशाबाई आणि मग 2016मध्ये 17,695 गाण्यांसह सुशीला त्या पुस्तकात आल्या. एकोणीस भाषांपैकी बऱ्याच भाषांत वाट्याला मोजकीच गाणी असणार, हे उघड आहे. कारकीर्द उभी राहते ती चार-पाच भाषांत सातत्याने केलेल्या कामावर. त्यामुळे एकोणीस हा आकडा मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. चार या आकड्याचा अर्थ मात्र फार मोठा आहे.

तो चारांचा संसार मोडला तशी कारकीर्दही ओसरली, आणि हा माझ्या बाजूचा शेवटचा पुरावा. तेलुगू चित्रपट हळूहळू हैदराबादला गेला, कन्नड बंगळूरला, मल्याळम केरळात परतला. राज्य सरकारांनी सवलती दिल्या, स्टुडिओ उभे केले, आपल्या भाषेचं आपल्या भूमीवर व्हावं ही भावनाही होती. त्याच सुमारास अनेक पट्ट्यांवर वेगवेगळं मुद्रण करण्याचं तंत्र रुळलं. वाद्यं आज, गायक पुढच्या आठवड्यात, तोही दुसऱ्या शहरातून आलेला. गायकाने त्या शहरात राहायची गरज संपली. आपल्या दाभोळच्या साधना सरगम मुंबईत राहून तमिळ गाऊ लागल्या आणि ‘अळगी’साठी 2001चा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना तमिळ गाण्यावर मिळाला. ही बहुभाषिकता विमानाने येणारी होती. वाणी जयराम ज्या बहुभाषिकतेतून घडल्या ती एका मोहल्ल्यात पायी चालणारी होती आणि ती नव्वदीत संपत आली होती. तरी जाता जाता तिने एक शिखर दिलं. के. विश्वनाथ आणि महादेवन हीच जोडी ‘स्वाति किरणम्’साठी पुन्हा एकत्र आली. त्यात मम्मूटी हे ख्यातकीर्त गुरू आहेत आणि त्यांच्या मत्सराचा बळी ठरणारा शिष्य हा लहान मुलगा आहे. त्या मुलाचा आवाज वाणी जयराम यांचा आहे, वयाच्या पंचेचाळिशीनंतरचा. आवाज बारीक करून केलेली ही नक्कल नव्हे. वयाचा मागमूस नाही, पण समज मोठ्या माणसाची आहे, आणि नेमक्या त्याच विसंगतीवर तो चित्रपट उभा आहे. 1991चा तिसरा राष्ट्रीय पुरस्कार या गाण्याला.

2023च्या प्रजासत्ताक दिनाच्या यादीत पद्मभूषण जाहीर झालं. योगायोग असा की महाराष्ट्रातून सुमन कल्याणपूर आणि तमिळनाडूतून वाणी जयराम अशा दोघी एकाच यादीत होत्या. दहा दिवसांत, 4 फेब्रुवारीला, चेन्नईत वाणी जयराम गेल्या, पदक हाती पडायच्या आधी. के. विश्वनाथ दोनच दिवसांपूर्वी गेले होते. त्यानंतर मराठीत जे लिहिलं-बोललं जातं, त्यात अजूनही ‘गुड्डी’, ‘ऋणानुबंधाच्या’ आणि मुंबईने केलेला अन्याय यांच्या पलीकडे फारसं काही येत नाही. यापुढे त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी आणि त्यांच्या गाण्यांचे कार्यक्रम करणाऱ्यांनी निदान ‘दीर्घ सुमंगली’, ‘अपूर्व रागंगल’, ‘शंकराभरणम्’ आणि ‘स्वाति किरणम्’ एवढे चार चित्रपट ऐकावेत, आणि अन्यायाबद्दलचं मत त्यानंतर बनवावं.